बारा सप्टेंबरची विहीर

८ सप्टेंबर, सोमवार. लखनौहून परतताना, गाडीत

गाडी हलतेय, तरी लिहिते. नाही लिहिलं तर शेजारच्या बाईवर ओरडेन, आणि तिने बिचारीने माझं काही घोडं मारलेलं नाही.

मुख्य कार्यालयात आज आमचे प्रोजेक्ट हेड त्रिपाठीजी यांचं सादरीकरण. पडद्यावर आमचं झाशीचं हॉस्पिटल, कॉम्प्युटरमधलं मॉडेल. त्यांनी एका बीमवर क्लिक केलं आणि बीमची सगळी हकीकत बाजूला उघडली. जागा का बदलली, कोणी सांगितलं, केव्हा कळलं, पुढच्या कामात काय टाळायचं. टाळ्या. मग एका पाइपवर क्लिक. पुन्हा टाळ्या.

ती हकीकत माझी आहे. अक्षर न् अक्षर माझं. सहा वर्षं मी वही घेऊन मिस्त्र्यांच्या मागे उन्हातान्हात फिरले, त्यांच्या तोंडून निघालेलं टिपलं, आणि संध्याकाळी बसून मॉडेलमधल्या एकेका खांबाला, भिंतीला, नळीला ते चिकटवलं. प्रत्येक नोंदीखाली 'नोंद करणार' असा रकाना आहे. तिथे माझं नाव होतं. आज तिथे 'टी. पी. त्रिपाठी'. एका नोंदीत नाही, सगळ्या नोंदींत.

मी दुसऱ्या रांगेत बसले होते. टाळ्या मीही वाजवल्या. हात आपोआप वाजले, मेले.

९ सप्टेंबर, मंगळ.

सकाळीच खोलीत गेले. विचारलं. त्रि. चष्मा पुसत म्हणाले, "टीम का काम था, वैजयंती जी, टीम के नाम पर गया।" टीमचं नाव टी. पी. त्रिपाठी आहे हे मला आजच कळलं. हे मनात. तोंडाने "जी" म्हणून बाहेर आले.

बाहेर येईपर्यंत दुसरी बातमी. गुरुवारची मीटिंग यापुढे ते घेणार. मी 'कागदपत्र सहाय्य'. लॉगिन राहील, कारण कुठे काय आहे ते माझ्याशिवाय कोणाला सापडत नाही. बसायचं मात्र मागच्या खोलीत, झेरॉक्स मशीनजवळ.

घरी आप्पांना सांगितलं. आप्पा बत्तीस वर्षं छावणीत कारकुनी करून निवृत्त झालेले, अपमान म्हणजे काय ते त्यांना शिकवावं लागत नाही. ताटातलं वरण कालवता कालवता म्हणाले, "वैजू, वचपा काढायचा. पण घाई करायची नाही. आणि हसतमुखाने काढायचा, म्हणजे त्याला कळतही नाही कुठून आलं." ऐंशीच्या घरात आहेत, पण डोळे कसे चमकले.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

११ सप्टेंबर, गुरु.

पहिली मीटिंग त्रि. यांच्या अध्यक्षतेखाली. दर गुरुवारी आम्ही मॉडेलमधल्या टकरी बघतो: कुठे पाण्याचा पाइप बीममधून जातोय, कुठे वायरींचा ट्रे दरवाज्यावर येतोय. कॉम्प्युटर लाल करून दाखवतो. टक्कर सुटली की बंद करायची. माझा नियम एकच होता. साइटवर माणसाला विचारल्याशिवाय आणि कारण लिहिल्याशिवाय टक्कर बंद करायची नाही.

हा नियम मी हौसेने केलेला नाही. आधीच्या शाळेच्या कामात जमिनीखाली जुनं गटार होतं. आधीच्या इंजिनियरला माहीत होतं. तो नोकरी सोडून गेला, जाताना एक शब्द बोलला नाही. कुंपणाची भिंत बसली, दोन गवंडी जायबंदी झाले. त्या माणसाला मी वर्षभर शिव्या दिल्या. मग वही घेतली.

आज त्रि. यांनी चाळीस टकरी पाऊण तासात बंद केल्या. कारणाच्या रकान्यात 'ओके'. काय वेग.

मागच्या जोडइमारतीजवळ एक गंजका पाइप सर्व्हेत आलाय. जमिनीतून दोन फूट वर, सरळ उभा, कशालाच न जोडलेला. नेमकी तिथेच ऑक्सिजनच्या मोठ्या टाकीच्या बैठकीची, म्हणजे काँक्रीटच्या चौथऱ्याची, कड येणार. लाल दिसतोय. तो पुढच्या गुरुवारवर ढकलला.

१२ सप्टें., शुक्र.

सवय जात नाही. कोणी सांगितलं नव्हतं, तरी साइटवर गेले, पाइप बघायला. हरप्रसाद मिस्त्री तिथेच बिडी ओढत होते. साठीचे, समथरचे, आमच्या साइटवरचे सगळ्यात जुने गवंडी. मला मुलगी म्हणतात. पाइप दाखवला तर हसले. "बिन्नू, जो पाइप नईं। कुआँ की साँस आय।"

विहीर आहे खाली. तीस वर्षांपूर्वी इथे बाग होती तेव्हाची. बुजवली तेव्हा हरप्रसाद स्वतः मजुरीला होते. विहीर बुजवताना तिचा श्वास कोंडू नये म्हणून मधोमध पाइप उभा ठेवतात, तोंड उघडं. इकडे सगळे हे पाळतात. वरची चार-पाच हात बांधणी फोडून आत लोटली, मग कचरा, राडारोडा, झाडांची खोडं, आणि वरून मुरूम. "ठीक सें नईं भरी ती," म्हणाले. नीट भरलीच नाही, ठेकेदाराला घाई होती. खोडं आत कुजली असणार, म्हणजे आत पोकळी. माती तपासायला चार ठिकाणी भोकं पाडली होती, त्यातलं एकही तिच्यावर नाही.

सगळं वहीत लिहिलं. तारीख, हरप्रसादांचं नाव, विहिरीचा घेर त्यांनी पावलांनी मोजून दाखवला तो.

ऑफिसात येऊन मॉडेल उघडलं. पाइपवर क्लिक केलं. नोंदीचा चौकोन उघडला. खाली 'नोंद करणार' मध्ये आपोआप आलं: टी. पी. त्रिपाठी. आता सगळ्यांच्याच लॉगिनवर तेच येतं.

चौकोन बंद केला. आज नाही.

१५ सप्टें.

आजही नाही. पितृपक्ष चालू आहे, नवरात्र लागल्याशिवाय बैठकीचं खोदकाम कोणी सुरू करणार नाही. वेळ आहे. मागच्या खोलीत बसून झेरॉक्स काढते आहे. मुख्य दारात त्रि. यांचा फोटो लागलाय, लखनौत शाल घेताना.

शाल चांगली आहे. निळी. मला निळा रंग आवडतो हे त्यांना माहीत नसणार.

१८ सप्टें., गुरु.

आज मजा आली. लिहितानाही येतेय.

मीटिंग. लाल पाइप पडद्यावर आला. त्रि. म्हणाले, ये क्या है. मॉडेलवर काम करणारी शबाना म्हणाली, सर, सर्व्हेत आलाय, कशालाच जोडलेला नाही. त्रि. म्हणाले, मग काढा. मी मागच्या खुर्चीवरून, अगदी गोड आवाजात, म्हटलं, "एक बार मिस्त्री से पूछ लेते, सर।" एवढंच. शबाना सवयीने इतिवृत्तात लिहून घेते, तिने ते लिहिलं. त्रि. हसले. "पुराने पाइप में क्या पूछना, वैजयंती जी।" बटण दाबलं. पाइप गेला. लाल गेलं. कारणाच्या रकान्यात: पुराना पाइप, हटाया.

मी विचारा म्हटलं होतं. हे कागदावर आहे. काय विचारा, कोणाला, आणि उत्तर काय येईल, ते सांगायला मी बांधलेली नाही. कागदपत्र सहाय्य एवढंच माझं काम.

घरी येताना दतिया गेटजवळून पेढे घेतले. आप्पा म्हणाले, कशाबद्दल. मी म्हटलं, असेच.

२२ सप्टें., सोम.

घट बसले. साइटवर बैठकीच्या खोदकामाची पूजा. पाइप कटरने कापून बाजूला फेकलेला. नारळ त्रि. यांनी फोडला, पहिल्याच फटक्यात फुटला, सगळ्यांनी वाहवा केली. मी हळदकुंकू लावलं. विहिरीवर उभी राहून लावलं, आणि हात जरासुद्धा हलला नाही.

बेत ठरला. १६ ऑक्टोबरला मुख्य कार्यालयाची मंडळी येणार आहेत, माझ्या नोंदींची ही 'इमारतीची स्मरणशक्ती' झाशीत येऊन बघायला. त्यांना सांगितलंय की कुठल्याही वस्तूवर बोट ठेवा, इमारत बोलेल. तोवर बैठक फक्त खोदलेली असेल, काँक्रीट ओतणं नंतर आहे. मी तेव्हा उठून विचारणार: सर, या जागेबद्दल इमारत काय म्हणते? काही म्हणणार नाही. मग मी वही काढणार. इतिवृत्त काढणार. सगळ्यांदेखत. शाल पांघरलेल्या माणसाचं तोंड तेव्हा कसं होईल, ते मी रोज झोपण्याआधी बघते. नंतर शांत झोप लागते.

कोणाला इजा नाही. खड्डा नुसता उघडा असेल. मी काही राक्षसीण नाही.

२९ सप्टें.

शबाना आज जेवायच्या सुट्टीत मागच्या खोलीत आली. माझ्या नोंदी वाचत असते, म्हणाली. जिन्याच्या पायऱ्यांची उंची का बदलली ती नोंद वाचून तिने दुसऱ्या जिन्यातली चूक पकडली. "दीदी, आपके बिना ये मॉडल गूँगा है।" पोरगी चांगली आहे. तिला विहिरीचं सांगावंसं वाटलं. जिभेवर आलं होतं. मग वाटलं, हिला सांगितलं की ही इमानदारीने त्रि. ला सांगणार, त्रि. स्वतःच्या नावाने नोंद करणार, आणि १६ तारखेला तीच नोंद दाखवून आणखी एक शाल घेणार.

तिला लोणचं वाढलं.

२ ऑक्टो. दसरा

सोनं वाटलं. आपली मराठी घरं आता मोजकीच उरली, संध्याकाळी चार घरी जाऊन आले. पोरं नमस्कार करतात आणि हिंदीत बोलतात. हरप्रसाद गावाला गेलेत. त्रि. यांनाही ऑफिसच्या ग्रुपवर शुभेच्छा दिल्या. हसणाऱ्या चेहऱ्यासकट.

६ ऑक्टो., सोम.

घात झाला.

शबानाने सांगितलं. मंडळी येतील तेव्हा बैठक तयार दिसायला हवी, म्हणून ओतणं अलीकडे आणलं. गुरुवारी, ९ तारखेला, सकाळी सात.

म्हणजे १६ ला खड्डा नाही, वर काँक्रीट असणार. आधी वाटलं, बरंच की. ओतून झालेलं फोडावं लागलं तर त्रि. यांची जास्त नाचक्की. टाकी भरायला अजून दोन महिने आहेत, बैठक आज बसणार नाही. हा हिशोब मी चहा पिता पिता केला आणि चहा गोड लागला.

मग शबानाने कामाचा आराखडा दाखवला. काँक्रीटच्या पंपाची गाडी कुठे उभी करायची ते. त्या गाडीला चार लोखंडी पाय असतात, जमिनीवर टेकवून सगळा भार त्यांच्यावर घेतात. तिसरा पाय कुठे येतो ते मी दोनदा बघितलं. हरप्रसादांनी पावलं मोजली होती त्याच्या आत. उथळ खड्ड्याच्या कडेला, मुरुमावर. खाली पोकळ.

पायाशेजारी पाइप धरायला चार-पाच माणसं असतात.

कोजागरी. आप्पांनी हौसेने दूध आटवलं, केशर घातलं. मी पेला तसाच ठेवला. आप्पा विचारत राहिले, वचप्याचं काय झालं. मी म्हटलं, चाललंय. त्यांना पंपाचं सांगितलं नाही. पहिल्यांदाच काहीतरी लपवलं त्यांच्यापासून.

७ ऑक्टो., मंगळ.

रजा टाकली. मोंठपर्यंत बस, पुढे टेम्पो, समथर. हरप्रसादांचा गुडघा सुजलाय, म्हणून परतले नाहीत. बाजारामागे घर. मला बघून त्यांच्या सुनेने गडबडीने चादर बदलली.

मी कशाला गेले होते? खरं ते लिहिते. त्यांना झाशीला आणायचं होतं. त्यांनी उद्या सगळ्यांसमोर सांगावं: मला माहीत होतं, साहेबांनी विचारलं नाही. म्हणजे काम थांबेल, त्रि. बुडतील, आणि मी मध्ये कुठेच नसेन. गाडीचं भाडं मी देते म्हटलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पंपाचं ऐकल्यावर उठून बसले, गुडघा विसरून. मग म्हणाले, "हमने तो तुमें बता दई ती, बिन्नू। हमाओ बोझ ओई दिना उतर गओ तो। अब तुमाए पास है।"

त्यांचं ओझं सांगितलं त्याच दिवशी उतरलं, आता ते माझ्याकडे. रागावून नाही म्हणाले. भाजी दिल्यासारखं सरळ म्हणाले. नंतर विचारलं, तेव्हाच लिहिलं नव्हतं का? तुम्ही तर सगळं लिहिता.

परतीच्या टेम्पोत शाळेच्या कामातला तो इंजिनियर आठवला. वर्षभर ज्याला शिव्या दिल्या तो. त्याचंही कोणाशी तरी वाजलं असेल. त्यानेही ठरवलं असेल, आज नाही.

तरी त्रिपाठीचा राग कणभर कमी झालेला नाही. हेही लिहून ठेवते. उलट वाढला. त्या माणसामुळे मी अशी झाले.

८ ऑक्टो., बुध.

सकाळी साडेआठला ऑफिस. कोणी नव्हतं. मॉडेल उघडलं, बैठकीवर क्लिक. काय आहे: बुजवलेली विहीर, आत पोकळी. घेर. कोणाकडून कळलं: हरप्रसाद मिस्त्री. कोणाला: वैजयंती. खाली नाव त्रि. यांचंच येतं, म्हणून हेही लिहिलं.

केव्हा कळलं.

हा रकाना मीच सक्तीचा केला होता. भरल्याशिवाय नोंद जात नाही. लोक नंतर शहाणे होतात आणि आम्हाला आधीच माहीत होतं म्हणतात, म्हणून. वीस मिनिटं बसले. ७ ऑक्टोबर लिहिलं. खोडलं. कालही त्यांनीच सांगितलं की, ते खोटं कुठे आहे? पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं. त्या मॉडेलमध्ये माझं म्हणावं असं आता एकच उरलंय, की त्यातली एकही तारीख खोटी नाही. नाव त्याने काढून घेतलं. हे नाही काढता आलेलं.

१२ सप्टेंबर लिहिलं. पाठवलं. काम थांबवण्याचा लाल शेरा सगळ्यांच्या फोनवर गेला. त्रि., साइट, मुख्य कार्यालय.

दहाला त्रि. यांचा फोन, ओरडत. अकराला साइटवर गेलो सगळे. खोदायचं मशीन आणलं, तिसऱ्या पायाच्या जागी दात टेकवला. दोन हातांवर मुरूम आपोआप खाली गेला. भोक पडलं. आतून कुजका वास, आणि खूप वेळाने खडा पाण्यात पडल्याचा आवाज. मशीनवाल्याने मशीन मागे घेतलं.

पंपावरची माणसं आली होती बघायला. त्यातला एक वाकून बघत होता, बराच वेळ. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

त्रि. यांच्याकडे मात्र बघितलं. चेहरा पांढरा फटक. महिनाभर जो चेहरा बघत झोपत होते तोच. पाहिजे तेवढं बरं वाटलं नाही. थोडं वाटलं.

१० ऑक्टो., शुक्र.

करवा चौथ, अर्धं ऑफिस लवकर रिकामं. मला चारला खोलीत बोलावलं. खुर्ची दिली. चहा मागवला, साखर कमी, मला लागते तसा. म्हणजे इतकी वर्षं माहीत होतं.

त्रि. हळू आवाजात बोलले. मुख्य कार्यालयातून अजून कोणी उघडून बघितलेलं नाही, सगळे सुटीच्या मूडमध्ये. पण १६ ला बघतील. बघतील तेव्हा दोन गोष्टी दिसतील. एक, १८ सप्टेंबरला त्यांनी न विचारता पाइप काढला. दोन, त्या खोलीत एक बाई बसली होती जिला सहा दिवसांपासून माहीत होतं, आणि त्यानंतरही जवळजवळ तीन आठवडे ती गप्प बसली. पंप उभा राहायच्या आदल्या दिवसापर्यंत.

"आप सात तारीख को समथर गई थीं न?" म्हणाले. "बस, वही तारीख कर देते हैं। सात को पता चला, आठ को आपने काम रुकवाया।"

सात तारीख असली की १८ ला कोणालाच काही माहीत नव्हतं. त्यांचा पाइप निर्दोष. माझा महिना निर्दोष. वर मी धावत जाऊन माणसं वाचवणारी. आणि बदल्यात, त्यांनी स्वतः होऊन सांगितलं, सगळ्या नोंदींवर माझं नाव परत. सहा वर्षांच्या. गुरुवारची मीटिंग परत. १६ ला ते माझी ओळख करून देणार, ही सगळी कल्पना यांची.

वहीतलं १२ सप्टेंबरचं पान तेवढं फाडून द्यायचं.

मी विचार करते म्हटलं. ते म्हणाले, हो हो, घरी आप्पाजींना नमस्कार सांगा. आप्पांचं नाव त्यांच्या तोंडात. चहाचा कप तिथेच फोडावासा वाटला.

१२ ऑक्टो., रवि.

आप्पांना आज सगळं सांगितलं, पंपासकट. चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "मी म्हटलं होतं ना तुला, काढ वचपा म्हणून." अपराधी वाटत होतं त्यांना, म्हाताऱ्याला. मी म्हटलं, आप्पा, मी चाळिशी ओलांडलेली बाई आहे, तुमच्या सांगण्यावर चालते का मी. तर म्हणाले, मग आता कोणाच्या सांगण्यावर चालणार आहेस?

फडताळातली वही काढून ते पान त्यांनी चष्मा लावून वाचलं. अक्षर चांगलं आलंय, म्हणाले. ठेवून दिली.

१३ ऑक्टो.

आज झेरॉक्स मशीनजवळ बसून दोन्हीकडून विचार केला. त्याला बुडवायचं तर मलाही बुडावं लागतं. नोकरी जाईल. पोलीस येतील का, माहीत नाही. या गावात दुसरी कुठली कंपनी मला घेणार? आणि लोक काय म्हणतील तेही खरंच असेल, हे जास्त वाईट.

तारीख बदलली तर नाव परत. सहा वर्षं परत. आणि तो वाचणार. खुर्चीत बसणार, चष्मा पुसणार, दर गुरुवारी माझ्याकडे बघून गोड हसणार. आम्हा दोघांना एकमेकांचं माहीत, निवृत्त होईपर्यंत. त्याने माझं काम चोरलं ते मी विसरू शकेन कदाचित. पण त्याने मला त्याच्यासारखं केलं आणि वर त्याबद्दल बक्षीस दिलं, हे गिळायचं कसं?

बुडायला हवाय मला तो. अजूनही. देवासमोर बसूनही हेच मागितलं काल.

१४ ऑक्टो.

शबाना आली होती. मंडळींसमोर काय काय दाखवायचं त्याची यादी घेऊन. यादीत पहिलीच वस्तू: ऑक्सिजन टाकीची बैठक. त्रि. यांनी मुद्दाम घातली. 'इमारतीच्या स्मरणशक्तीने अपघात टळला.' तिने विचारलं, "दीदी, तारीख कौन सी रखूँ? सर ने कहा है आपसे पूछ लूँ।" तिला काही माहीत नाही. की आहे? इतिवृत्त तीच लिहिते. १८ तारखेला मी काय म्हटलं, ते तिच्याच अक्षरात आहे. माझ्याकडे सरळ बघत होती.

म्हटलं, कल बताती हूँ.

१५ ऑक्टो., बुध.

ती दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा म्हटलं, रहने दो, मैं खुद भर दूँगी. मॉडेलमध्ये अजून १२ सप्टेंबरच आहे. बदलायचं तर त्रि. उद्या सकाळी नऊला माझ्यासमोर बदलणार, पान हातात आल्यावर.

संध्याकाळी त्यांचा मेसेज. उद्या साडेदहा वाजता. चांगली साडी नेसून या, फोटो होतील. व्यासपीठावर माझ्या शेजारी बसायचं. शाल या वेळी तुमच्यासाठी सांगितली आहे. शेवटी तुम्ही स्वतः विहिरीची गोष्ट सांगा, मंडळींना आवडेल.

निळी साडी इस्त्री करून ठेवली. आप्पांनी विचारलं, जाणार? जाणार म्हटलं. वही? पर्समध्ये आहे म्हटलं. पुढचं त्यांनी विचारलं नाही आणि मला सांगता आलं नसतं.

त्याच्या शेजारी बसणार आहे हे नक्की. माईक माझ्या हातात येणार हेही नक्की. मेसेजच्या शेवटी लिहिलंय, दो मिनट से ज़्यादा मत लीजिएगा. दोन मिनिटं पुष्कळ झाली. दोन्ही तारखा मला पाठ आहेत.